जुन्या लॅपटॉपला काय झेपतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष मिळवता येतात, पण ती फक्त मुदतवाढ. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेला जवळजवळ कुठलाही लॅपटॉप अधिकृतपणे बाहेर.

आता तुमच्या आईबाबांचा लॅपटॉप आठवा. सातारा, नाशिक, डोंबिवली, असेल तिथला. तुम्ही शिकायला निघताना मागे ठेवून आलेला, नाहीतर पहिल्या पगारातून घेऊन दिलेला. त्यावर बँक आहे, वीजबिल आहे, रविवारचा व्हिडिओ कॉल आहे. तो बंद पडलेला नाही. रोज सुरू होतो, फक्त त्याच्याकडे आता कोणी लक्ष देत नाही. पॉडकास्टवर इ-कचऱ्याबद्दल बोललो तेव्हापासून हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय: त्यावर लिनक्स टाकू का? त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो, टाका' असंच आहे. पण कुठल्या मशीनला हे उत्तर लागू होत नाही आणि का, हे कळायला थोडं आत शिरावं लागतं. आणि आत शिरलं की गंमत आहे.

माझ्यासमोर दोन थिंकपॅड आहेत. एक एक्स २००, २००८ चा, कोअर २ ड्युओ प्रोसेसर, ६४ बिट. दुसरा टी ४२, २००४ चा, पेंटियम एम, ३२ बिट, रॅम जास्तीत जास्त २ जीबी. दोघंही आमच्या विभागाच्या भंगाराच्या कपाटातून आलेले. दोघांमध्ये चारच वर्षांचं अंतर आहे, पण या लेखापुरतं ते पिढ्यांचं अंतर समजा.

मुळात युनिक्ससारख्या सिस्टिम जुन्या मशीनवर इतक्या चिवटपणे का चालतात? लोक म्हणतात 'लिनक्स हलकं असतं म्हणून'. हे अर्धंच खरं. आजचं एखादं सजवलेलं लिनक्स डेस्कटॉप विंडोजइतकंच रॅम खाऊ शकतं. खरं कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या एका निर्णयात आहे.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये युनिक्स सुरू केलं ते पीडीपी-७ नावाच्या मशीनवर, त्या मशीनच्या स्वतःच्या असेंब्ली भाषेत. असेंब्लीत लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे मशीनच्या मापाने शिवलेला सदरा; दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही. १९७३ मध्ये थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सी भाषेत नव्याने लिहिला. सीमधला कोड नव्या मशीनवर न्यायचा तर त्या मशीनसाठी सीचा कंपायलर बनवायचा आणि मशीनला चिकटलेला थोडासा भाग पुन्हा लिहायचा. बाकीचं तसंच जातं. ७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्जमध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठात, दोन्हीकडे युनिक्स इंटरडेटा कंपनीच्या मशीनवर नेलं गेलं आणि ही कल्पना खरोखर चालते हे सिद्ध झालं.

त्यात एक अडचण आली, ती मराठी माणसाला समजावणं फार सोपं आहे. मोठी संख्या मेमरीत ठेवताना तिचे तुकडे, म्हणजे बाइट, कुठल्या क्रमाने ठेवायचे? इंग्रजीत 'ट्वेंटी-फाइव्ह' म्हणतात, मोठं आधी. आपण 'पंचवीस' म्हणतो, पाच आधी, वीस नंतर. काही प्रोसेसर इंग्रजी बोलतात, त्यांना बिग-एंडियन म्हणतात. काही मराठी बोलतात, ते लिटल-एंडियन. इंटेल मराठीच्या बाजूचा. आणि आपण 'एकशे पंचवीस' म्हणतो तेव्हा आधी शंभर, मग पाच, मग वीस: तिसराच क्रम! हसू नका, पीडीपी-११ हे मशीन ३२ बिटची संख्या जवळपास असंच ठेवायचं. मोठा अर्धा भाग आधी, पण प्रत्येक भागाच्या आत लहान बाइट आधी. एका क्रमाच्या मशीनवरून दुसऱ्या क्रमाच्या मशीनवर गेलं की 'युनिक्स' या शब्दातल्या रोमन अक्षरांच्या जोड्या उलटतात आणि 'नक्सी' होतं. या घोटाळ्याचं नाव आजही नक्सी प्रॉब्लेम असंच आहे.

हे सगळं इतिहास म्हणून सांगत नाहीये. कोड वेगवेगळ्या मशीनवर न्यायची सवय लागली, म्हणून 'हे मशीनचं' आणि 'हे सगळ्यांचं' अशी वाटणी कोडमध्ये घट्ट झाली. या वाटणीचं सगळ्यात निगुतीने केलेलं काम पाहायचं असेल तर नेटबीएसडी बघा. बर्कलीच्या युनिक्सचा वारसा सांगणारी ही सिस्टिम १९९३ ची. समजा, एका नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहायचाय. 'कार्डाच्या अमुक रजिस्टरमध्ये हा आकडा लिही' एवढंच ड्रायव्हर म्हणतो. तो आकडा या मशीनवर नेमका कुठल्या मार्गाने, कुठल्या क्रमाने कार्डापर्यंत जातो, हे खालचा वेगळा थर बघतो. त्यामुळे एकदा लिहिलेला ड्रायव्हर इंटेलवर, स्पार्कवर, पॉवरपीसीवर तोच राहतो. आज नेटबीएसडी पन्नासहून अधिक प्लॅटफॉर्मवर चालते, त्यात १९७७ मध्ये आलेल्या व्हॅक्सचाही समावेश आहे. आणि ती बनवायला ते जुनं मशीन लागत नाही. तुमच्या आजच्या लॅपटॉपवर एकच स्क्रिप्ट चालवायची आणि व्हॅक्ससाठीची अख्खी सिस्टिम तयार होते. १९७७ च्या मशीनवर कंपाइल करत बसायचं म्हणजे मोसम बदलेल.

१९९५ मध्ये नेटबीएसडीतूनच थिओ द राड्ट यांनी वेगळी काढलेली ओपनबीएसडी मात्र बरोबर उलटं करते. प्रत्येक प्रकारच्या मशीनवर सिस्टिम त्याच मशीनवर बनली पाहिजे, असा तिचा हट्ट. वरवर हा नुसता हेका वाटतो, पण त्यामागे तर्क आहे. इंटेलचे प्रोसेसर फार समजूतदार. मेमरीत वेड्यावाकड्या जागी ठेवलेला आकडा वाचायला सांगितला तरी निमूट वाचतात. स्पार्क ६४ तिथल्या तिथे प्रोग्रॅम पाडतो. म्हणजे जी चूक तुमच्या नव्या मशीनवर वर्षानुवर्षं लपून राहिली असती, ती त्या जुन्या, कडक शिस्तीच्या मशीनवर पहिल्याच दिवशी उघडी पडते. जुनी मशीन सांभाळण्याचं मला पटलेलं सगळ्यात पक्कं कारण हेच आहे, नॉस्टॅल्जिया नंतर. अर्थात हट्टालाही मर्यादा असते: व्हॅक्सला ओपनबीएसडीने २०१६ मध्ये निरोप दिला.

आता लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ते लिहिलं ते इंटेलच्या ३८६ वर. ज्या प्रोसेसरवर लिनक्स जन्मलं त्याचाच पाठिंबा लिनक्सने २०१२ च्या अखेरीस काढून टाकला. कोणी फारसं रडलं नाही. कारण प्रत्येक जुना प्रोसेसर सांभाळायचा म्हणजे कोडमध्ये त्याच्यासाठी खास आडवाटा ठेवायच्या, आणि त्या वाटांवर कोणी चालत नसेल तर तिथे काय सडतंय हे कळत नाही. कोड फुकट असतो, पण तो तपासणाऱ्या माणसाची संध्याकाळ फुकट नसते.

सध्या तीच वेळ ३२ बिटच्या इंटेलवर आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये या मशीनसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. डेबियन १२ शेवटची. फ्रीबीएसडीने १५ व्या आवृत्तीत तेच केलं. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी अजून देतात. म्हणजे माझ्या एक्स २०० ला सगळी दारं उघडी आहेत आणि टी ४२ ला दोन-तीनच. चार वर्षांचं अंतर म्हणालो ते हे.

पण खरं सांगू का, कर्नल ही टी ४२ ची अडचण नाहीच. ओपनबीएसडी त्यावर मजेत सुरू होते, फाइली उघडतात, ईमेल येतं, लेटेकमध्ये पेपर लिहिता येतो. अडचण ब्राउझरची आहे. आजची एक साधी बातमीची साइट म्हणजे काही मेगाबाइट जाव्हास्क्रिप्ट. ती वाचून, लगेच मशीनच्या भाषेत उलथून, चालवायची असते. त्यात ब्राउझर प्रोसेसरकडून विशिष्ट सूचनांची अपेक्षा ठेवतात. फायरफॉक्सला लिनक्सवर २०१७ पासून एसएसई२ हा सूचनासंच लागतो. पेंटियम एममध्ये तो आहे, पण तेव्हाच्या काळात लोकप्रिय असलेल्या अ‍ॅथलॉन एक्सपीमध्ये नाही. क्रोमने ३२ बिटचं लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये तीच वाट धरली. थोडक्यात, कर्नल लिहिणारे जुन्या मशीनचा हात दोन दशकं धरून ठेवतात आणि वेब तो हात एका दिवसात सोडायला लावतं.

वेबची दुसरी अडवणूक अजून बारीक आहे. साइट आणि ब्राउझर यांच्यातलं कुलूपबंद संभाषण प्रमाणपत्रांवर चालतं आणि प्रमाणपत्रांना तारखा असतात. ३० सप्टेंबर २०२१ ला 'डीएसटी रूट सीए एक्स३' नावाचं एक मूळ प्रमाणपत्र संपलं आणि अनेक वर्षं अपडेट न केलेल्या असंख्य मशीनना एका रात्रीत निम्मं वेब 'असुरक्षित' दिसायला लागलं. मशीन तेच, तार तीच. याचंच घरगुती रूप म्हणजे मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी. ती मेली की चार्जर काढल्यावर घड्याळ मागे जातं, समजा २००५ मध्ये. मग प्रत्येक प्रमाणपत्र भविष्यातलं वाटतं आणि एकही साइट उघडत नाही. आई फोनवर म्हणते, 'अरे, इंटरनेट गेलंय.' इंटरनेट कुठेही गेलेलं नसतं. काही मॉडेलना घरी येणारा दुरुस्तीवालाच लागतो, पण मूळ वस्तू किरकोळ किमतीची आहे. आधी तारीख बघायला सांगा, ही माझी पहिली सूचना.

दुसरी सूचना हार्ड डिस्कची. २०१० च्या आसपासचा लॅपटॉप 'स्लो झालाय' असं म्हणतात तेव्हा दहात नऊ वेळा फिरणारी डिस्क दोषी असते. एक्स २०० मध्ये साटा जोडणी आहे. साध्यातली साधी एसएसडी आणि रॅम ८ जीबी केली की हे मशीन २००८ चं आहे हे सांगावं लागतं. टी ४२ मध्ये जुनी आयडीइ जोडणी, तिथे अ‍ॅडॅप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड वगैरे जुगाड करावे लागतात. करमणूक म्हणून छान, आईबाबांसाठी नको.

सुरक्षेबद्दल दोन शब्द, कारण 'लिनक्स टाकलं म्हणजे सुरक्षित' हा समज सर्रास दिसतो. नवी सिस्टिम टाकल्यावर सॉफ्टवेअरमधली भोकं बुजत राहतात, आणि विंडोज १० विनाअपडेट चालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण २०१८ मध्ये जाहीर झालेल्या स्पेक्टरसारख्या त्रुटी प्रोसेसरच्या आत आहेत. त्यासाठी लागणारा चिपमधला बदल इंटेलने कोअर २ च्या पिढीला दिलाच नाही. कर्नल आणि ब्राउझर आपापल्या परीने बचाव करतात, तो पुरेसा आहे का हे तुम्ही त्या मशीनवर काय करता यावर अवलंबून. माझा निकष असा: पाचव्या-सहाव्या पिढीचा इंटेल असलेला २०१५-१६ चा लॅपटॉप डेबियन किंवा मिंट टाकून बँकेसकट सगळ्यासाठी बिनधास्त वापरावा. एक्स २०० वर बँक मी स्वतः करत नाही. टी ४२ वर तर फायरवॉलच्या मागे राहून लेखन करावं.

आईबाबांचा लॅपटॉप पुसण्याआधी मात्र एक गोष्ट जरूर बघा, आणि ही कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शनात सापडणार नाही. बाबांनी २००० च्या दशकात मराठीत काही टाइप केलंय का? सोसायटीची इतिवृत्तं, कविता, मासिकासाठी लेख? ते श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. या फाइलींत 'क' साठवलेलाच नसतो. साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट फक्त त्याच्या जागी 'क'चं चित्र काढतो. फॉन्ट गेला की वीस वर्षांचं लेखन म्हणजे नुसता उकिरडा. म्हणून जुनी विंडोज जिवंत आहे तोवरच त्या फाइलींच्या पीडीएफ काढा, जमलं तर युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, आणि डिस्कची अख्खी प्रत दुसरीकडे ठेवा. लिनक्स टाकायला अर्धा तास लागतो. या कामाला दोन शनिवार द्या.

देवनागरीचा आणि जुन्या मशीनचा झगडा तसा जुनाच. पीसीचा मूळचा टेक्स्ट मोड एका वेळी २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या दाखवू शकतो, प्रत्येक आकृती एका ठरावीक चौकटीत. रोमनला एवढं पुरतं. आपल्याकडे 'क्ष्म्य'सारखी जोडाक्षरं, उच्चाराला नंतर पण लिहायला आधी येणारी ऱ्हस्व वेलांटी, वर चढणारा रफार. म्हणून ८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये आणि पुढे १९८८ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्ट तंत्रज्ञान घडलं: पीसीत वेगळं कार्डच बसवायचं आणि अक्षरजुळणी त्याच्यावर सोपवायची. आज ते काम हार्फबझ नावाची मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररी करते, आणि ते टी ४२ लाही सहज झेपतं. पण फक्त ग्राफिकल खिडकीत. लिनक्सच्या किंवा बीएसडीच्या काळ्या कन्सोलवर आजही मराठी फाइल उघडली तर जोडाक्षरं तुटून पडतात. हलकं ठेवायचं म्हणून नुसत्या कन्सोलवर राहणाऱ्या तपस्व्यांनी हे लक्षात घ्यावं. तो साधेपणा रोमनवाल्यांना परवडतो. हलकंच हवं तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घ्या, लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट टाका आणि 'दुसऱ्या' हा शब्द टाइप करून बघा. 'ऱ्या' नीट जुळला तर बाकीचं जुळेल.

पर्यावरणाचा हिशेब लोक नेहमी एकाच बाजूने मांडतात. लॅपटॉपचं बरंचसं कार्बन उत्सर्जन तो बनतानाच होऊन गेलेलं असतं, म्हणून असलेला जास्त वर्षं वापरणं शहाणपणाचं. इथपर्यंत मान्य. पण पोटमाळ्यावरचा पेंटियम ४ चा डेस्कटॉप काढून चोवीस तास सर्व्हर म्हणून लावायचा बेत असेल तर थांबा. त्या पिढीतल्या काही चिपच्या उष्णतेचा कमाल आकडाच ११५ वॅटपर्यंत होता. समजा, डबा काही न करता ८० वॅट घेतोय. वर्षाचे झाले साधारण ७०० युनिट. इथे ब्रिटनमध्ये पाव पौंडाला एक युनिट धरलं तरी पावणेदोनशे पौंड. पाच वॅटचं छोटं बोर्ड तेच काम अकरा पौंडांत करतं. जुन्या लॅपटॉपचं गणित वेगळं आहे, कारण ते बॅटरीचा विचार करून बनवलेले: एक्स २०० मधल्या प्रोसेसरचा तोच आकडा २५ वॅटच्या आसपास. जुना लॅपटॉप ठेवा, जुना डेस्कटॉप सोडून द्या, असं मी ढोबळपणे म्हणेन.

प्रत्यक्ष कसं करायचं? यूएसबीवर लाइव्ह सिस्टिम घ्या आणि डिस्कला हात न लावता आधी तासभर चालवून बघा: वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, झाकण मिटवल्यावर झोपणं आणि उघडल्यावर उठणं. शेवटचं बहुतेक जण तपासत नाहीत आणि नंतर तेच रोज छळतं. वायफायसाठी लागणारं कंपन्यांचं फर्मवेअर डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये २०२३ पासून बरोबरच येतं, त्यामुळे पूर्वीसारखी 'नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट हवं' अशी परवड राहिलेली नाही. बाबा डिजिटल सहीचं टोकन वापरत असतील, करासाठी किंवा टेंडरसाठी, तर त्याचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का हे सगळ्यात आधी बघा. नसेल चालत तर नवा लॅपटॉप घेऊन द्या आणि वाद मिटवा. सुरक्षेचे अपडेट आपोआप येतील अशी सोय करून ठेवा. डेस्कटॉपवर ब्राउझर, कॉल आणि फोटो अशी तीनच चिन्हं, जुन्या जागी.

आणि ३२ बिटचं मशीन ठेवणार असाल तर १९ जानेवारी २०३८ लक्षात असू द्या. युनिक्स १९७० पासूनचे सेकंद मोजतं, आणि ३२ बिटच्या मापात ते भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी मावेनासे होतात. त्यापुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ मध्ये उडी मारतं. नेटबीएसडीने हे माप २०१२ मध्ये मोठं केलं, ओपनबीएसडीने २०१४ मध्ये, दोघांनीही ३२ बिटच्या मशीनसकट. डेबियनने मात्र ३२ बिट इंटेलवर जुनंच माप ठेवलं, कारण त्या मशीनवर अजून जगणारे जुने, पुन्हा कंपाइल न करता येणारे प्रोग्रॅम तुटले असते. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका उपकरणाच्या सिरियल पोर्टवरून दर मिनिटाला एक आकडा वाचून ठेवायचं काम सध्या टी ४२ कडे आहे, म्हणून त्यावर ओपनबीएसडी आहे. उपकरण तोवर टिकेलसं वाटत नाही.